‘एक अस्वलही दिसले’ : मराठी वनप्रवासवर्णनाविषयी काही विचार

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला अरण्य फारसे दूर नाही. शनिवारी पहाटे निघाले तर दुपारपूर्वी सरिस्का किंवा रणथंबोर गाठता येते. थोडी अधिक सवड असेल तर रामनगरवरून कॉर्बेट उद्यानात जाता येते. सोमवारी कचेरीत परतलेल्या गृहस्थांना जो पहिला प्रश्न विचारला जातो तो मात्र नेहमी एकच असतो : “दिसला का?” ह्या वाक्यात कर्ता नाही, आणि तो असण्याची गरज कोणालाच वाटत नाही. गेल्या काही दशकांत मराठीत वन्यजीवप्रवासाचे जे विपुल लेखन झाले त्याचे सारे कथानक ह्या दोन शब्दांत सामावलेले आहे असे म्हटले, तर ते थोडे अन्यायाचे होईल; पण अगदीच खोटे होणार नाही. पहाटेची थंडी, फाटकापाशी लागलेली वाहनांची रांग, धुळीत उमटलेला पंजा, चितळाचा इशारा, श्वास रोखून घालविलेली पाच-दहा मिनिटे, आणि मग तो. त्यानंतर त्याच्या डोळ्यांविषयी एक परिच्छेद, आणि शेवटी वने राखली पाहिजेत असा एक उद्गार. ह्या ठरीव घाटात, बहुधा परतीच्या वाटेवर, एक वाक्य येते : वाटेत एक अस्वलही दिसले.

ह्या ‘ही’विषयी मला लिहावयाचे आहे. वाङ्मयसमीक्षेने एका अव्ययाची एवढी दखल घ्यावी काय, असे कोणी विचारील. परंतु लेखकाची दृष्टी त्याच्या सिद्धान्तांपेक्षा अशा बारीकसारीक शब्दांतच अधिक उघडी पडते. ‘अस्वलही’ म्हणणारा लेखक अस्वल पाहत नसतो. न दिसलेल्या किंवा आधीच दिसलेल्या वाघाच्या हिशेबात तो एक किरकोळ रक्कम जमा करीत असतो.

मराठी प्रवासवर्णनाची परंपरा मूलतः माणसांची आहे. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून ‘अपूर्वाई’ आणि ‘पूर्वरंग’पर्यंत प्रवासी जेथे जातो तेथे त्याला माणसे भेटतात, निसर्ग हा पडदा असतो आणि प्राणी त्या पडद्यावरचे चित्र. ह्यात दोष काही नाही. पण ज्या प्रवासाचा विषयच मनुष्येतर सृष्टी आहे त्याला ही परंपरा पुरेशी पडत नाही, हे प्रथम ज्यांनी ओळखले त्यांत व्यंकटेश माडगूळकरांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १९७९ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘नागझिरा’ हे पुस्तक रूढ अर्थाने प्रवासवर्णन नव्हेच. ते वस्तीचे वर्णन आहे. लेखक जंगलात जातो आणि राहतो. पायी हिंडतो. कधी काळी शिकारीचा नाद असलेल्या ह्या माणसाच्या हाती आता टिपणवही आणि चित्रे काढण्याचे साहित्य असते. पुस्तकात मोठी घटना अशी घडत नाही, आणि घडली नाही म्हणून लेखकाला हळहळही वाटत नाही. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने बारा महिन्यांना जो नायकाचा मान दिला, तो येथे एका जागेला मिळाला आहे. दर्शनाची जागा सहवासाने घेतली, की लेखनातील श्रेणी आपोआप मोडतात. मुंगीचे वारूळ, माकडाची खोकी आणि गव्याची पाठ ही सारी एकाच मोलाची होतात. ‘ही’ हे अव्यय अशा लेखनात निरुपयोगी ठरते.

परंतु येथे एक अडचण आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ‘नागझिरा’सारखे पुस्तक आज सामान्य प्रवाशाला लिहिताच येणार नाही. नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३ साली व्याघ्रप्रकल्प झाला. व्याघ्रप्रकल्पांत पर्यटकाने वाहनातून उतरावयाचे नसते, ठरलेल्या रस्त्यावरून आणि ठरलेल्या वेळातच फिरावयाचे असते. २०१२ साली तर सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभाक्षेत्रातील पर्यटन काही महिने थांबविलेच होते. हे निर्बंध वाघाच्या आणि वनाच्या हिताचे आहेत. त्यांच्याविरुद्ध तक्रार करणे हा निव्वळ लेखकी अहंकार होईल. मात्र त्यांचा वाङ्मयीन परिणाम नाकारता येत नाही. वाहनात बसून पाहिलेले अरण्य डाव्या-उजव्या बाजूंनी सरकत जाते. त्याला वास नसतो, पायाखालचा आवाज नसतो आणि मुख्य म्हणजे तेथे थांबणे नसते. जो लेखक ही मर्यादा ओळखून लिहील त्याला निराळा घाट शोधावा लागेल. आजवर बहुतेकांनी ती ओळखलेली नाही. ते वाहनात बसून माडगूळकरांचा सूर लावू पाहतात, आणि तो लागत नाही.

अस्वल हा ह्या साऱ्या लेखनाची परीक्षा पाहणारा प्राणी आहे. त्याला वाघाची शोभा नाही. त्याचे खाणे वाळवी, मुंग्या, मध, बोरे, जांभळे, मोहाची फुले असे. ऐट मिरवावी असे त्यात काही नाही. त्याच्या वरच्या जबड्यातले मधले दोन दात नसतात. त्या फटीतून, नाकपुड्या मिटून, ते वारुळातली वाळवी ओढून घेते आणि तो आवाज रात्री बऱ्याच अंतरावर ऐकू येतो. मादी पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते. १७९१ साली जॉर्ज शॉ ह्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे लांब नखे असलेले पंजे आणि ते नसलेले दात पाहून त्याला दक्षिण अमेरिकेतील झाडाला लोंबकळणाऱ्या एका संथ प्राण्याच्या जातीत घालून टाकले. ती चूक शास्त्राने लवकरच दुरुस्त केली, पण इंग्रजी नावात ती अजून शिल्लक आहे : ‘स्लॉथ बेअर’, म्हणजे आळशी अस्वल. आपल्या ‘अस्वल’ ह्या शब्दात ही चूक नाही. तरी आपले काही लेखक इंग्रजी पुस्तकातून ती उचलतात आणि ह्या चपळ, रागीट व अत्यंत उद्योगी जनावराला ‘सुस्त’ म्हणतात. मोहाच्या दिवसांत भंडारा, गोंदिया, गडचिरोली किंवा बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्याच्या आसपास राहणाऱ्या माणसाला हे विशेषण ऐकवून पाहावे. पहाटे फुले वेचावयास गेलेली बाई आणि त्याच झाडाखाली आलेले अस्वल ह्यांची गाठ पडली, तर काय होते ते त्या गावांतील माणसांच्या चेहऱ्यांवर कोरलेले असते. वाघाने मारलेला माणूस आपल्या वाङ्मयात पुष्कळदा आला. अस्वलाने चेहरा ओरबाडलेला आणि तसाच पुढे तीस वर्षे जगलेला माणूस मात्र कथेचा किंवा प्रवासवर्णनाचा विषय फारसा झाला नाही. संरक्षणाचा खरा प्रश्न तेथे उभा आहे. फाटकापाशी रांगेत थांबलेल्या वाहनांत नव्हे.

एरवी मराठी मनातले अस्वल दोनच ठिकाणी भेटते. एक पुराणात. स्यमंतक मण्याची कथा गणेशचतुर्थीला घरोघर वाचली जाते, आणि तीत जांबवंत हा कृष्णाशी दीर्घकाळ झुंजणारा व शेवटी आपली मुलगी देणारा वृद्ध योद्धा असतो. दुसरे ठिकाण म्हणजे दारातला दरवेशी. डमरू, काठी, नाकातली दोरी, आणि अस्वलाच्या केसांचा ताईत. मूल दचकू नये म्हणून आईने तो पैसे देऊन घ्यावयाचा. जांबवंत आणि हे ताईताचे अस्वल ह्यांचे नाते काय, असा प्रश्न आपल्या कथाकाव्याला क्वचितच पडला. दरवेशाविषयी करुणा वाटावी हे योग्यच. तोही पोटासाठीच फिरत होता. पण दोरीच्या दुसऱ्या टोकाला काय होते, ह्याविषयी आपण अनभिज्ञ राहिलो.

ते टोक दिल्लीकरांच्या वाटेवरच होते. आग्र्याला जाणाऱ्या रस्त्यावर कलंदर जमातीचे लोक अस्वले घेऊन उभे असत. परदेशी प्रवाशांच्या मोटारी थांबल्या की खेळ सुरू होई. आईला मारून पिल्लू पळवावयाचे, तापलेल्या सळईने त्याचे नाक टोचून दोरी ओवावयाची, सुळे पाडावयाचे, अशी त्या खेळाची पूर्वतयारी असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वल पकडणे गुन्हा ठरले, १९९८ च्या अधिसूचनेने त्याचे खेळ करण्यासही बंदी आली, तरी खेळ चालूच राहिले. कारण कायदा कलंदराला दुसरी भाकर दाखवीत नव्हता. १९९५ साली कार्तिक सत्यनारायण आणि गीता शेषमणि ह्यांनी दिल्लीत स्थापन केलेल्या ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ह्या संस्थेने उत्तर प्रदेशाच्या वनखात्याच्या साहाय्याने आग्र्याजवळ कीठम येथे सूरसरोवराच्या काठी अस्वलांसाठी निवारा उभा केला. अस्वल सोपविणाऱ्या कलंदराला दुसऱ्या धंद्यासाठी पैसे आणि त्याच्या मुलांना शाळा, अशी तिने त्याची जोड घातली. सहाशेहून अधिक अस्वले अशा रीतीने सोडविली गेली, आणि २००९ च्या अखेरीस रस्त्यावरचे शेवटचे नाचरे अस्वल ताब्यात आल्याचे संस्थेने जाहीर केले. कित्येक शतकांची एक प्रथा आपल्या डोळ्यांदेखत संपली. मराठी ललितलेखनाला ह्यातील नाट्य जाणवू नये ह्याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. दोरी सोडताना कलंदराच्या मनात काय आले असेल? सारे बालपण ज्या जनावराच्या कमाईवर गेले ते निघून जाताना त्याच्या मुलीला काय वाटले असेल? दयेच्या एकेरी सुरात हे मावणारे नाही.

दयेचा सूर आणि जिव्हाळ्याचा सूर ह्यांत फरक आहे, आणि तो पाहावयाचा असेल तर हेमलकशाच्या पुस्तकांकडे वळले पाहिजे. भामरागडच्या अरण्यात १९७३ पासून चालत आलेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आमटे ह्यांनी शिकारीत पोरक्या झालेल्या पिल्लांना आसरा दिला. त्या सहवासातून विलास मनोहर ह्यांचे ‘नेगल’ आणि स्वतः आमट्यांचे ‘रानमित्र’ ही पुस्तके निर्माण झाली. ‘नेगल’चे यश असे की त्यात प्राण्यांचे कौतुक असले तरी लाडिकपणा नाही, माडिया गोंडांची भूक आणि शिकार ह्यांकडे लेखक नाक मुरडून पाहत नाही. ह्या पुस्तकांतला प्राणी प्रथमच एक व्यक्ती म्हणून मराठी वाचकाच्या घरात आला. तरीही एक शंका मनात राहते. घरातला प्राणी म्हणजे रानातला प्राणी नव्हे. ज्या अस्वलाला आपण हाताने भरविले त्याच्याविषयी लिहिताना लेखकाचे प्रेम खरे असते, पण त्या प्रेमातून रानातल्या अस्वलाचे ज्ञान होते असे नाही. वाचक मात्र ह्या दोहोंत भेद करीत नाही. तो पुस्तक मिटतो आणि अस्वल हे आपले मित्र आहे असे समजून चालू लागतो.

ही समजूत कोठवर नेऊ शकते ह्याचे उदाहरण दूर अलास्कात घडले. टिमथी ट्रेडवेल नावाचा एक अमेरिकन गृहस्थ काटमाई उद्यानात तेरा उन्हाळे तपकिरी अस्वलांच्या सान्निध्यात राहिला, त्यांना नावे दिली, त्यांच्याशी बोलत चित्रण केले. आणि २००३ च्या ऑक्टोबरात तो व त्याची सहकारी असे दोघेही अस्वलाकडून मारले गेले. वेर्नर हेर्त्सोग ह्याने २००५ साली त्यावर चित्रपट काढला. त्याच अलास्कात, काटमाईला लागूनच, मॅकनील नदीवर १९७३ पासून दुसरी रीत चालत आली आहे. सोडतीने परवाने मिळतात, दिवसाला फार तर दहा माणसे जातात, सोबत जाणकार असतो, ठरलेल्या जागी बसावयाचे आणि सामन मासे धरणाऱ्या अस्वलांना आपल्या असण्याची दखल घ्यावी लागणार नाही असे वागावयाचे. ह्या एवढ्या काळात तेथे एकाही पाहुण्याला अस्वलाने इजा केलेली नाही. मला हा केवळ उद्यानाचा नियम वाटत नाही. तो गद्याचाही नियम होऊ शकेल असे वाटते. माडगूळकर ‘नागझिरा’त नेमके हेच करतात : आपले असणे प्राण्यांना जाणवू देत नाहीत, आणि पुष्कळ वेळा वाचकालाही.

माडगूळकरांच्याच ‘सत्तांतर’विषयी येथे एक शब्द लिहावयास हवा. वानरांच्या टोळीतील सत्तेचा बदल, त्यात होणारी पिल्लांची हत्या, हा त्या कादंबरीचा विषय. १९८२ साली ती प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार तिला मिळाला. आणीबाणी नुकतीच होऊन गेलेली. तेव्हा तीत राजकीय रूपक शोधण्याचा मोह समीक्षकाला व्हावा हे स्वाभाविक होते, आणि शीर्षकही त्याला खतपाणी घालते. तथापि वानरांना वानर म्हणून वाचणे आपल्याला एवढे अवघड कां जावे? प्राणी म्हटला की तो कशाचे तरी प्रतीक असलाच पाहिजे, हा आग्रह पंचतंत्राइतका जुना आहे. वनप्रवासी ज्याला दर्शनाचा विषय करतो त्याला समीक्षक रूपकाचा विषय करतो. प्राण्याच्या दृष्टीने दोघेही सारखेच.

पाणमांजराची गोष्ट निराळी. त्याचे रूपक होत नाही, कारण त्याचे नावच आपल्याला धड ठाऊक नाही. संस्कृतात ते ‘उद्र’. इंग्रजीतला ‘ऑटर’ हा त्याच धातूचा भाऊबंद. अस्वलाचा ‘ऋक्ष’ही असाच ग्रीक ‘आर्क्टोस’चा सगोत्र, आणि उत्तर ध्रुवाच्या प्रदेशाचे नाव त्यावरून पडले, सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत अशी नोंद शतपथ ब्राह्मणात आहे. एवढी कुलीन नावे आपल्या पूर्वजांनी दिली, आणि आपण? ‘ऊद’ म्हणजे पाणमांजर. पण ‘उदमांजर’ म्हटले की आढ्यावरून रात्री फिरणारे, फळे खाणारे निराळेच जनावर मनात येते. ह्या दोहोंची गल्लत वर्तमानपत्रांत सर्रास आढळते. ज्याचे नाव दुसऱ्याच्या नावात मिसळते त्याची कैफियत कोण मांडणार?

मारुती चितमपल्ली ह्यांचे मोठेपण येथे आहे. २०२५ च्या जानेवारीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली, फेब्रुवारीत दिल्लीत अखिल भारतीय मराठी साहित्यसंमेलन भरले आणि जूनमध्ये चितमपल्ली गेले. संमेलनाच्या मांडवात त्यांची पुस्तके विकत घेणारी तरुण मंडळी पाहून बरे वाटले. समीक्षकांनी त्यांच्याकडे दिलेले लक्ष मात्र त्या मानाने थोडेच. वनखात्याच्या नोकरीत नवेगावसारख्या ठिकाणी काढलेल्या वर्षांतून त्यांनी जे साहित्य उभे केले, त्यातील सर्वांत टिकाऊ भाग शब्दांचा आहे. ढिवर, गोंड, कोरकू ह्यांच्या तोंडची नावे त्यांनी टिपली. नसतील तेथे घडविली. बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’, कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ असे शब्द त्यांनी रूढ केले. ‘पक्षिकोश’ काय, ‘प्राणिकोश’ काय, हे ललितलेखकाचे उपकाम नव्हते. त्यांच्या ललितगद्याचा तोच कणा होता. ह्या मोठेपणाला एक उणी बाजूही आहे. लोकसमजुती आणि निरीक्षण ह्यांच्यामधली रेघ चितमपल्ली कित्येकदा पुसट होऊ देतात. आदिवासींनी सांगितले म्हणून ते सुंदर असते. पण सुंदर असते म्हणून ते अस्वलाला किंवा पाणमांजराला लागू पडतेच असे नाही. अस्वलाचा केस औषधी आहे ही समजूतही लोकांचीच होती, आणि तिची किंमत अस्वलाने मोजली.

अलीकडे मराठी प्रवासी कॅलिफोर्नियाला मुलाबाळांकडे जातात आणि माँटेरेच्या किनाऱ्यावर समुद्री पाणमांजरे पाहून येतात. पाठीवर तरंगणारे, पोटावर दगड ठेवून त्यावर शिंपला आपटणारे, झोपताना वाहून जाऊ नये म्हणून समुद्रवेलीचा वेढा घेणारे ते जनावर पाहून प्रत्येकाला आपले नातवंड आठवते, आणि लेख तेथेच संपतो. ह्या गोंडस देहाच्या मागे केवढा इतिहास आहे! १७४१ साली बेरिंगच्या मोहिमेतील गलबत फुटले. वाचलेल्या खलाशांनी जी कातडी परत नेली त्यांनी सायबेरियातील व्यापाऱ्यांना वेडे केले. चौरस इंचास दहा लाखांच्या घरात केस असलेली ती लोकर चीनपर्यंत विकली गेली, आणि १९११ साली आंतरराष्ट्रीय करार होईपर्यंत साऱ्या उत्तर पॅसिफिकमध्ये दोन हजारांच्या आतबाहेर जनावरे उरली. कॅलिफोर्नियात ती नामशेष झाली असेच बहुतेकांना वाटत होते. १९३८ साली बिक्सबी खाडीपाशी सुमारे पन्नासांचा एक कळप आढळला. नातवंडांची आठवण करून देणारी आजची तीन-एक हजार जनावरे त्या पन्नासांची संतती. पुढे १९७४ साली जेम्स एस्टीस आणि जॉन पाल्मिसानो ह्यांनी दाखवून दिले की पाणमांजर नाहीसे झाले की त्याचे भक्ष्य असलेले काटेरी सागरी प्राणी बेसुमार वाढतात आणि समुद्रवेलींचे वनच खाऊन टाकतात. वनाबरोबर मासेही जातात. एका जनावराच्या भुकेवर पाण्याखालचे एक अरण्य उभे असते. हे ज्याला ठाऊक आहे त्याला ते जनावर नुसते गोंडस कसे दिसेल?

आणि त्यासाठी पॅसिफिकला जावयासही नको. दिल्लीकराला चंबळ जवळ आहे. तिच्या वाळूवर मगरी आणि घडियाल पाहावयास जाणाऱ्याला पाणमांजरांची टोळी दिसू शकते. सिंधुदुर्गाच्या खाड्यांत, गोव्याच्या खारफुटीत आणि खाजणांत ती राहतात. आपल्या बाजूचे हे पाणमांजर नदीचे, पण खाऱ्या पाण्याला न भिणारे. कोळ्याच्या जाळ्यातला मासा ते पळविते, जाळे फाडते, आणि शिव्या खाते. ह्या शिव्यांत जे निरीक्षण असते ते आपल्या कित्येक ललितलेखांत नसते. ते कोणी टिपील काय?

दोन हिवाळ्यांपूर्वी कीठमला जाण्याचा योग आला. सरोवरावर परदेशी पक्षी उतरले होते आणि आमच्याबरोबरचे लोक त्यांची संख्या मोजीत होते. कुंपणापलीकडे एक म्हातारे अस्वल उभे होते. त्याच्या नाकातली दोरी निघून कित्येक वर्षे झाली असावीत. नाकावरची खूण तेवढी राहिली होती. समोर माणूस नव्हता, डमरू नव्हते, तरी ते एका जागी उभे राहून डोके एका बाजूकडून दुसरीकडे नेत होते, पुन्हा आणत होते. राखणदार म्हणाला, काही जणांचे हे सुटत नाही. मी टिपणवही काढली आणि क्रियापद शोधू लागलो. ‘डोलणे’ लिहिले आणि खोडले, कारण डोलण्यात तृप्ती आहे. ‘झुलणे’ खोडले. ‘नाचणे’ तर लिहवेच ना. बरोबरचे लोक मोजणी संपवून परतले तेव्हा वहीत ‘अस्वल’ एवढाच शब्द होता, आणि ते अजून तसेच उभे होते.